उसनी करवत आणि स्टॉपची वायर



2 राजे या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, पहिल्या सात वचनांत एक लहानशी घटना आहे. संदेष्ट्यांच्या शिष्यांना राहायला जागा अपुरी पडते, म्हणून ते यार्देन नदीच्या काठी लाकडे तोडायला जातात. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते निसटून पाण्यात पडते आणि तो कळवळून अलीशाला सांगतो की ती उसनी आणलेली होती. डिप्लोमाच्या वर्गात आम्ही या उताऱ्यावर पुष्कळ बोललो, पण ते सारे बोलणे लोखंड पाण्यावर तरंगले कसे याविषयी. 'उसनी' या शब्दापाशी कोणी थांबले नाही. मीही नाही. त्या शब्दाचे वजन मला समजले ते पेठ तालुक्यातील एका पाड्यावर, चेनवाल्या पेट्रोल करवतीपुढे बसलो असताना.

जूनचा पहिला आठवडा होता. रात्री वादळी पाऊस झाला आणि पाड्याकडे येणाऱ्या कच्च्या रस्त्यावर एक जुना आंबा मुळासकट आडवा पडला. जीप वर येईना, रेशनचा टेम्पो खालीच थांबला. कुऱ्हाडीने तो बुंधा तोडायला दोन दिवस लागले असते. म्हणून पाड्यावरच्या तरुणांनी शेजारच्या पाड्यावरून करवत मागून आणली. तिकडच्या आठ जणांनी दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरी करून, वर्गणी काढून ती घेतली होती. बाजारात मिळते तशी 58 सीसीची, कोणत्याही मोठ्या नावाची नाही. इकडच्या मुलांनी सकाळी दोन फांद्या कापल्या आणि मशीन बंद पडले ते पडलेच. दोरी ओढून ओढून हाताला फोड आले.

मला फोन आला तेव्हा त्यांचा प्रश्न करवतीचा नव्हता. "दादा, नवीन कॉइल केवढ्याला येते?" असा होता. कारण दोनच महिन्यांपूर्वी हीच करवत अशीच बंद पडली होती आणि तालुक्याच्या गावी एका दुकानात "कॉइल गेली" म्हणून नवी बसवून दिली होती. आता पुन्हा कॉइल गेली तर ती यांच्या हातात गेली. पैसे भरायचे तर दोघा-तिघांनी आठवडाभर बागेत कामाला जायचे, आणि तेही पेरणीच्या तोंडावर, असा त्यांचा हिशेब चालला होता. पैशापेक्षाही मोठी चिंता वेगळी होती. पुन्हा त्या पाड्यावर काही मागायला कोणत्या तोंडाने जायचे?

मी गेलो आणि पहिला तास वाया घालवला. ते येथे लिहितो, कारण आपल्यातील बहुतेक जण हेच करतात. मशीन सुरू होत नाही म्हणजे पेट्रोलचा दोष, असे धरून मी एअर फिल्टर झाडला, कार्ब्युरेटर खोलला, फुंकला, परत बसवला. मध्ये प्लग काढला होता, तो पेट्रोलने ओलाचिंब होता. मी तो फडक्याने पुसला आणि परत लावला! मशीन जे सांगत होते ते मी पुसून टाकले.

शेवटी आमच्या मंडळीतील एका निवृत्त फिटर काकांना फोन लावला.

"प्लग ओला आहे का कोरडा?"

"ओला, काका."

"मग कार्ब्युरेटर कशाला खोललास? पेट्रोल येतंय म्हणून तर ओला आहे ना?"

मी गप्प. मग ते म्हणाले, "आग पोचत नाहीये. स्टॉपची वायर काढून बघ आधी."

हा पाठ त्या एका वाक्याचा आहे.

करवतीला बॅटरी नसते, हे आधी लक्षात घेऊ या. मग ठिणगी येते कोठून? दोरी ओढल्यावर आतले एक जड चाक फिरते. त्याच्या कडेला लोहचुंबक बसवलेले असतात. मेकॅनिक मंडळी त्या चाकाला नुसते 'मॅग्नेट' म्हणतात. चाकाच्या अगदी जवळ कॉइल बसवलेली असते. लोखंडाचे पाय आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. लोहचुंबक त्या पायांसमोरून गेला की तारेत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये लंडनमध्ये हेच दाखवून दिले. हे फॅरडे लोहाराचे चिरंजीव, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेले, आणि पुढे एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे वडील. विज्ञान आणि विश्वास यांचे वैर असते असे आपल्या तरुणांना कोणी सांगितले, तर त्यांचे नाव सांगावे.

कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. पहिलीत जाड तारेचे थोडे वेढे, दुसरीत केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. पहिलीतून वाहणारा प्रवाह ऐन क्षणी एकदम तोडला जातो आणि त्या झटक्याने दुसरीत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तो जाड वायरीतून प्लगच्या टोकापर्यंत जातो आणि तेथली अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट उडी मारून ओलांडतो. ती उडी म्हणजे ठिणगी. पूर्वी प्रवाह तोडायला पॉइंट असत, ते घासून झिजत. आताच्या मशीनमध्ये हे काम कॉइलच्या पोटातला इलेक्ट्रॉनिक भाग करतो. जाड दाबाचा असा मॅग्नेटो आणि प्लग ही जोडी बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 मध्ये तयार केली. करवतीचा गाभा आजही तोच आहे.

आता स्टॉपचे बटण. येथेच बहुतेकांची फसगत होते. घरातला दिवा बंद करताना आपण बटणाने वायर तोडतो. करवतीत याच्या अगदी उलट आहे. चालू असताना स्टॉपची वायर कोणालाही जोडलेली नसते, ती नुसती लोंबत असते म्हणा ना. बटण 'स्टॉप'वर ढकलले की ती वायर मशीनच्या बॉडीला जोडली जाते. पहिल्या गुंडाळीतली वीज बॉडीत उतरून जाते, झटका बसत नाही, ठिणगी पडत नाही आणि इंजिन थांबते.

म्हणजे बटण 'चालू'वर आहे, पण त्या बारीक वायरीचे प्लास्टिक कोठेतरी घासून सोलले आहे आणि आतली तार लोखंडाला टेकली आहे, तर? मशीनच्या दृष्टीने ते बंदच केलेले आहे. तुम्ही दिवसभर दोरी ओढा, प्लग बदला, कार्ब्युरेटर धुवा, ते सुरू होणार नाही. आणि याच्या उलट, वायर मधेच तुटली असेल तर मशीन झकास सुरू होईल, पण बटणाने बंद होणार नाही.

हे एवढे समजले की शोधाशोध सोपी होते. अलीशाने पाते बाहेर काढण्याआधी ते कोठे पडले असे विचारले आणि त्या शिष्याने जागा दाखवली. आपल्यालाही पैसे काढण्याआधी जागा शोधायची आहे.

काम सुरू करण्यापूर्वी चेन आणि पट्टी काढून ठेवावी. निदान चेनचा ब्रेक पुढे ढकलून लावावा. करवत जमिनीवर सपाट ठेवावी, मागच्या मुठीत पायाचा पंजा घालून दाबून धरावी आणि मगच दोरी ओढावी. हातात लोंबकळत धरून ओढण्याची सवय आपल्या मुलांना आहे, ती मोडायला हवी. दोरी ओढण्याआधी पेट्रोलचा डबा दहा पावले लांब ठेवावा.

प्लग पाहताना: दहा-बारा वेळा दोरी ओढून प्लग काढला आणि तो कोरडा निघाला, तर पेट्रोल पोचत नाही. तो वेगळा पाठ आहे. ओला निघाला, तर पेट्रोल पोचले, आग पोचली नाही. काळ्या काजळीने भरलेला असेल तर तारेच्या ब्रशने साफ करावा, पण खरी परीक्षा दुसऱ्या चांगल्या प्लगनेच होते. म्हणून त्याच नंबरचा एक नवा प्लग पाड्यावर ठेवलेला बरा. तो कॉइलच्या मानाने फारच स्वस्त पडतो.

ठिणगी पाहण्याची रीत चुकली तर अपघात होतो. प्लग बाहेर काढून टोपीत घालावा आणि त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या उघड्या धातूला घट्ट टेकवावा, रंगावर नव्हे. हाताने धरू नये, झटका जोराचा बसतो. मूठ रबराची असलेली पक्कड वापरावी. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, म्हणून प्लग त्या भोकापासून लांब धरावा आणि भोकावर फडके टाकावे. आणि सावलीत बघावे, कारण उन्हात निळी ठिणगी दिसत नाही आणि चांगली कॉइल 'गेली' ठरते. टोपी नुसतीच मोकळी लोंबत ठेवून दोरी ओढू नये. विजेला जायला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतच वाट काढते आणि मग कॉइल खरोखर जाते. मी त्या सकाळी हेही दोन वेळा केले होते. कॉइल वाचली, हे तिचे भले.

ठिणगी नाही असे ठरले की कॉइल मागवायची नाही. वरचे झाकण काढायचे, दोरीच्या बाजूचे कव्हर काढायचे आणि कॉइलला लागलेली बारीक वायर शोधायची. बहुतेक मशीनमध्ये ती चपट्या पिनेवर खोचलेली असते, हळूच ओढली की निघते. ती काढून मोकळी ठेवायची, कोठे टेकू द्यायची नाही, आणि पुन्हा ठिणगी पाहायची.

आम्ही तसे केले. दोघा मुलांनी पोत्याची सावली धरली, एकाने दोरी ओढली आणि प्लगच्या टोकावर निळी ठिणगी टचकन उडाली. ज्याने पक्कड धरली होती त्याने ती दचकून टाकूनच दिली. सगळे हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

स्टॉपची वायर काढल्यावर ठिणगी आली, म्हणजे कॉइल चांगली, प्लग चांगला, जाड वायर चांगली. दोष बारीक वायरीत किंवा बटणात. आता तेवढाच प्रदेश तपासायचा. मल्टिमीटर असेल तर त्याचा आवाजाचा खटका लावून एक टोक मोकळ्या केलेल्या वायरीला आणि दुसरे सिलिंडरच्या धातूला लावायचे. बटण 'चालू'वर असताना आवाज यायला नको, 'स्टॉप'वर यायला हवा. दोन्हीकडे आवाज आला तर वायर बॉडीला टेकली आहे किंवा बटण आतून चिकटले आहे. दोन्हीकडे आला नाही तर वायर तुटली आहे. मल्टिमीटर नसेल तर टॉर्चचे दोन सेल, त्यांचा बारीक बल्ब आणि दोन तुकडे वायर पुरते. आवाजाऐवजी बल्ब पेटतो, एवढाच फरक. फक्त ही तपासणी कॉइलपासून वायर सोडवूनच करायची, नाहीतर कॉइलमधूनच वाट मिळते आणि उत्तर चुकते.

तपासताना मागची मूठ हलवत राहावी. करवतीची मूठ रबरावर किंवा स्प्रिंगवर बसवलेली असते, हाताला थरथर कमी लागावी म्हणून. कापताना ती सारखी हलते आणि तिच्याबरोबर वायरही. म्हणून दोष कधी येतो, कधी जातो. मूठ दाबली की बल्ब पेटला आणि सोडली की विझला, तर समजावे की जागा सापडली.

आमची जागा सापडली ती झाकणाच्या कडेखाली. सिलिंडरच्या बाजूने वायर मागे बटणाकडे जाते, तेथे तिला बसायला एक खाच असते. कोणीतरी झाकण लावताना ती खाचेत न बसवता वरून दाबली होती. प्लास्टिक चपटे होऊन फाटले होते आणि तांब्याचे दोन केस पत्र्याला टेकले होते. डोळ्याला नीट दिसतही नव्हते. बोट फिरवल्यावर टोचले.

आता दुकानात नवी कॉइल बसवल्यावर मशीन सुरू का झाले, हेही कळले. कॉइल बदलण्यासाठी झाकण उघडले, वायर जराशी सरकली, टेकलेली तार सुटली. मशीन सुरू झाले आणि श्रेय कॉइलला गेले. काम करता करता वायर पुन्हा त्याच जागी आली. दुकानदाराने मुद्दाम फसवले असे मी म्हणत नाही. रांगेत गिऱ्हाईक उभे असले की भाग बदलणे हे दोष शोधण्यापेक्षा लवकर होते, आणि मशीन समोर सुरू झाल्यावर कोण कशाला पुढे पाहील? पण पाड्यावरून शंभर रुपये भाडे घालून आलेल्या माणसाला त्याची किंमत पडते.

दुरुस्ती पाच मिनिटांची. फाटलेल्या जागी वायर कापून, टोके पिळून, वर गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी चढवली. इलेक्ट्रिकच्या दुकानात तिला 'स्लीव्ह' म्हणतात. नुसती चिकटपट्टी गुंडाळू नये. इंजिनाच्या उष्णतेने तिचा गोंद वितळतो, पट्टी सुटते आणि महिनाभरात आपण पुन्हा तेथेच येतो. वायर सायलेन्सरच्या बाजूने जाऊ देऊ नये. पावसाळ्यात करवत घराच्या कोपऱ्यात पडून राहते तेव्हा उंदीरही वायर कुरतडतात, म्हणून टांगून ठेवावी. बटणातही दोष असू शकतो. आत भुसा आणि तेलाचा लगदा साचतो, ओलाव्याने तो वीज वाहून नेतो. काही मशीनमध्ये बटणाखाली पितळेची बारीक पट्टी असते, ती वाकून कायमची टेकून बसते. उघडून, पुसून, सरळ करून पाहावी.

वायर काढूनही ठिणगी नाहीच आली, तर पुढे जायचे. प्लगच्या टोपीत एक बारीक स्प्रिंग असते, तिचे टोक जाड वायरीच्या मधोमध खोचलेले हवे. टोपी ओढून काढण्याच्या सवयीने ते सुटते. जाड वायरीला चीर असेल तर अंधारात दोरी ओढल्यावर चिरेतून सिलिंडरकडे ठिणगी उडताना दिसते. नंतर कॉइलचे पाय आणि चाक. पावसाळ्यात दोन्ही गंजतात. पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करावेत, कॉइलचे स्क्रू जेथे बसतात ती जागाही, कारण कॉइलला बॉडीचा स्पर्श तेथूनच मिळतो. चाक आणि कॉइल यांच्यात बहुतेक करवतींना 0.3 मिलिमीटरच्या आसपास अंतर लागते. साधे व्हिजिटिंग कार्ड तेवढेच जाड असते. चाकाचा लोहचुंबक कॉइलसमोर आणावा, दोन्ही स्क्रू सैल करावेत, मध्ये कार्ड घालावे. लोहचुंबक कॉइलला स्वतःच ओढून घेतो. स्क्रू आवळावेत, कार्ड काढावे, चाक हाताने फिरवून कोठे घासत नाही ना हे पाहावे.

एवढे सगळे करूनही ठिणगी नसेल, तेव्हाच कॉइल बदलावी. एक प्रकार मात्र कॉइलचाच असतो. मशीन थंड असताना सुरू होते, अर्धा तास चालून गरम झाले की बंद पडते, ठिणगीही जाते, आणि गार झाल्यावर परत येते. आणि ठिणगी दणदणीत आहे, प्लग ओला आहे, तरी इंजिन उलटा झटका देते आणि सुरू होत नाही, असे असेल तर चाकाची चावी तुटून चाक सरकले आहे. ठिणगी पडते, पण चुकीच्या वेळी. ते काम मेकॅनिककडे द्यावे. चाक ओढून काढायला खास पुलर लागतो, हातोडीने ठोकून लोहचुंबक फोडू नये.

एक कळकळीची सूचना. स्टॉपची वायर काढल्यावर मशीन सुरू होते हे कळले की काही जण तसेच कामाला लागतात. "चोक ओढून बंद करतो, काय बिघडतं?" त्या दिवशीही एकाने हेच म्हटले, रस्ता तर मोकळा करायचा होता. मी नाही म्हणालो आणि आम्ही अर्धा तास आणखी थांबलो. चेन लाकडात अडकून करवत उसळली, किंवा शेजारी कोणी घसरून पडले, तर अंगठ्याने क्षणात बंद करता आले पाहिजे. चोकने बंद व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. अनुवादाच्या 19 व्या अध्यायात लाकडे तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजाऱ्याला लागते आणि तो मरतो, त्या माणसासाठी आश्रयाच्या नगरांची तरतूद आहे. त्याच्या मनात वैर नव्हते, तरी शेजारी गेला तो गेलाच. काढलेली वायर ही फक्त तपासणीपुरती. तपासणीतही मशीन प्रत्यक्ष सुरू करायचे नाही, ठिणगी पाहून थांबायचे.

काही वाचक विचारतील, मिशनच्या त्रैमासिकात करवतीचा पाठ कशाला? आणि आदिवासी भागात झाडे वाचवायची की कापायची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाशिकमध्येच आहे. 1854 मध्ये विल्यम साल्टर प्राइस यांनी येथे शरणपूरची वसाहत उभी केली. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तेथे अक्षरांबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकवले जाई. दुसरा प्रश्न खरा आहे आणि तो मला टोचतोही. करवतीने दहा मिनिटांत जे पडते ते वाढायला तीन पिढ्या लागतात. वेढा घातलेल्या नगराचीही फळझाडे तोडू नका अशी आज्ञा अनुवादाच्या 20 व्या अध्यायात आहे. कायदाही स्पष्ट आहे. आंबा, साग, मोह, खैर ही झाडे स्वतःच्या मालकीच्या शेतातली असली तरी 1964 च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आदिवासी खातेदारांची झाडे ठेकेदारांनी कवडीमोलाने नेऊ नयेत म्हणून 1969 चा स्वतंत्र कायदा आहे. वनहक्क कायद्याने बांबूसह गौण वनउपज दिली आहे, इमारती लाकूड नव्हे. म्हणून कोणी ठेकेदार मजुरी देतो म्हणाला तरी आधी परवानगीचा कागद पाहावा. करवत ज्याच्या हातात सापडते, गुन्हा त्याच्या नावावर चढतो.

पण वादळाने पाडलेले झाड ही वेगळी गोष्ट. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि रायगड जिल्ह्यात झाडे आणि विजेचे खांब ठिकठिकाणी आडवे झाले. तेव्हा मदतीचा ट्रक पुढे जाण्याआधी करवत पुढे जावी लागली. पेठ-सुरगाण्याच्या घाटांत असे दर पावसाळ्यात लहान प्रमाणावर होते. सरकारी यंत्रणा येते, पण पाड्याचा कच्चा रस्ता तिच्या यादीत शेवटी असतो. आम्हीही त्या दिवशी वनरक्षकांना आणि ग्रामपंचायतीला फोनवर कळवून, झाडाचे फोटो काढून मगच हात लावला.

दुपारी तीन वाजता करवत तिसऱ्या ओढीला सुरू झाली. आधी बटण दाबून ती बंद होते ना हे दोनदा पाहिले. अंधार पडायच्या आत जीप जाईल एवढी वाट मोकळी झाली. खोडाचे तुकडे पंचनाम्यासाठी कडेला रचून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मुले करवत परत द्यायला निघाली तेव्हा मी सोबत गेलो. झाकण उघडून वायर कोठे चेपली होती ते त्यांनीच तिकडच्या मुलांना दाखवले. ज्याने आदल्या दिवशी पक्कड टाकून दिली होती, तोच सगळ्यात पुढे होऊन समजावत होता. सेल आणि बल्ब त्याने खिशातून आणले होते. तिकडच्या एकाने सगळे ऐकून घेतले आणि घरात जाऊन एक पत्र्याचा डबा आणला. त्यात दुकानातून परत मागून आणलेली जुनी कॉइल होती. ती बसवून पाहिली. कार्ड घातले, स्क्रू आवळले, पोत्याची सावली धरली. निळी ठिणगी.

तो बराच वेळ कॉइलकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपले पैसे वायरीत गेले."

दोन्ही पाड्यांनी मिळून ठरवले की जुनी कॉइल, एक प्लग, स्लीव्हचा तुकडा आणि ते व्हिजिटिंग कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत करवतीबरोबरच ठेवायचे. करवत ज्या पाड्यावर जाईल तेथे पिशवीही जाईल.

पुढील अंकात कार्ब्युरेटर आणि पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचे हा पाठ देत आहे. ज्यांचा प्लग कोरडा निघाला त्यांनी तोवर टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकून पाहावे.